रॅगिंग, कायदा आणि बौद्ध पालकांचे कर्तव्य

घरातील पहिला मुलगा किंवा पहिली मुलगी परगावच्या महाविद्यालयात जाण्यास निघते, त्या दिवशी त्या घरी जो आनंद होतो त्याची सर दुसऱ्या कोणत्याही आनंदाला येत नाही. आई पेटीत चार कपडे भरते, लाडूंचा डबा ठेवते आणि कपड्यांच्या घडीत भगवान बुद्धांची व बाबासाहेबांची लहानशी तसबीर जपून ठेवते. बाप शुल्काची पावती पुन्हापुन्हा वाचतो. ज्या समाजाला अक्षर शिवण्याची बंदी होती, त्या समाजातील मूल आता डॉक्टर होणार, इंजिनिअर होणार, वकील होणार, हा विचार त्या बापाचे सारे कष्ट हलके करतो.

आणि मग दीड-दोन महिन्यांनी एका रात्री फोन येतो. मूल म्हणते, "मला येथे राहायचे नाही." कारण विचारले तर सांगत नाही. फार खोदून विचारले तर तुटक शब्दांत सांगते की वरच्या वर्गातील मुले रात्री खोलीत बोलावतात, तासन्‌तास उभे करतात, नको ते करावयास लावतात, आडनावावरून आणि राखीव जागेवरून सर्वांदेखत हसतात. बाप क्षणभर गप्प राहतो आणि म्हणतो, "सोस बाबा. एका वर्षाचा प्रश्न आहे. आपण गरीब माणसे. मोठ्यांशी वैर धरले तर तुझे शिक्षण जाईल."

हा सल्ला प्रेमापोटी दिलेला असतो हे मी जाणतो. परंतु तो चुकीचा आहे. कायद्याच्या दृष्टीने चुकीचा आहे आणि धम्माच्या दृष्टीनेही चुकीचा आहे. पिढ्यान्‌पिढ्या आपल्या पूर्वजांना हाच सल्ला दिला गेला. तो मानावयाचाच असता तर १९२७ साली महाडच्या तळ्यावर जाण्याचे कारण नव्हते आणि १९५६ साली नागपूरला जाण्याचेही कारण नव्हते.

हा खेळ नव्हे

रॅगिंगचे समर्थन करणारे म्हणतात की ती एक गंमत आहे, नवागताची भीड मोडावी म्हणून ती केली जाते, आणि ती सर्वांचीच होते. त्या क्रौर्याचे हे समर्थन कोणाच्याही मुलाच्या बाबतीत खोटे आहे. परंतु आपल्या मुलांच्या बाबतीत ते दुप्पट खोटे आहे. इतरांच्या मुलाला नाव विचारतात, गाणे म्हणावयास लावतात आणि पुढच्या वर्षी तो स्वतःच वरिष्ठ होऊन मोकळा होतो. आपल्या मुलाला नावानंतर आडनाव विचारतात, आडनावानंतर गुण विचारतात, गुणांनंतर जागा कोणत्या कोट्यातील ते विचारतात. आणि त्याची सुटका एका वर्षाने होत नाही. तो प्रश्न पदवी हाती पडेपर्यंत त्याच्या पाठीस लागलेला असतो.

हे माझे एकट्याचे म्हणणे नाही. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांच्या तक्रारींची चौकशी करण्यासाठी डॉ. सुखदेव थोरात यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली होती. तिने २००७ साली दिलेल्या अहवालात वसतिगृहातील छळामुळे हे विद्यार्थी ठराविक मजल्यांवर एकत्र लोटले गेल्याची नोंद आहे. गावाच्या वेशीबाहेरचा वाडा आपण सोडला. तो वसतिगृहाच्या मजल्यावर पुन्हा उभा राहिला. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१६ साली आपल्या नियमांत दुरुस्ती करून जात, धर्म, वर्ण, भाषा, जन्मस्थान, आर्थिक स्थिती इत्यादी कारणांवरून केलेला शारीरिक किंवा मानसिक छळ, तसेच वाळीत टाकणे, हेही रॅगिंगच होय असे स्पष्ट लिहिले. तेव्हा जातीवरून केलेली चेष्टा ही "केवळ चेष्टा" आहे, असे म्हणण्याची सोय आता कोणत्याही प्राचार्याला उरलेली नाही.

कागद नसेल तर काय होते

काही वर्षांपूर्वी एक गृहस्थ माझ्याकडे आले. गाव आणि महाविद्यालय यांची नावे येथे सांगण्याचे प्रयोजन नाही. त्यांचा मुलगा तंत्रशिक्षणाच्या पहिल्याच वर्षी छळाला कंटाळून घरी परतला होता. वडील तीन वेळा महाविद्यालयात गेले होते. एकदा वसतिगृहाच्या रेक्टरला भेटले, दोनदा प्राचार्यांना भेटले. प्रत्येक वेळी त्यांना चहा मिळाला, "आम्ही बघतो" असे आश्वासन मिळाले आणि "मुलांचे भविष्य आहे, लेखी काही देऊ नका" असा उपदेश मिळाला. त्यांनी तो मानला. आठ महिन्यांनी ते माझ्यासमोर बसले तेव्हा त्यांच्या हाती एकही कागद नव्हता. महाविद्यालयाने माझ्या नोटिसीला एका ओळीचे उत्तर दिले: आमच्याकडे अशी कोणतीही तक्रार आलेली नाही. आणि कागदोपत्री ते उत्तर खरे होते! तो मुलगा पुढे शिकला नाही.

त्या दिवसापासून माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक पालकाला मी पहिली गोष्ट हीच सांगतो की तोंडी गाऱ्हाणे हे गाऱ्हाणेच नव्हे. जो तुम्हांला "लेखी देऊ नका" असे सांगतो, त्याला लेखी तक्रारीची किंमत तुमच्यापेक्षा अधिक ठाऊक असते.

महाराष्ट्राचा १९९९ चा कायदा

ती किंमत काय आहे ते पाहा. महाराष्ट्रात १९९९ पासून रॅगिंग प्रतिबंध अधिनियम आहे. तो अगदी लहान कायदा आहे. कोणत्याही मॅट्रिक झालेल्या माणसाने अर्ध्या तासात वाचून समजून घ्यावा असा. विद्यार्थ्याला शारीरिक किंवा मानसिक इजा होईल, त्याच्या मनात भीती, लाज किंवा संकोच उत्पन्न होईल असे कोणतेही बेशिस्त वर्तन, चिडविणे, शिवीगाळ, धमकी, आणि जे तो स्वखुशीने करणार नाही ते करावयास लावणे, या सर्वांस त्या कायद्यात रॅगिंग म्हटले आहे. ते संस्थेच्या आवारात घडले की बाहेर घडले याने फरक पडत नाही. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कारावास आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड. दोषी ठरलेल्या विद्यार्थ्याला संस्थेतून काढून टाकावयाचे आणि पाच वर्षे दुसऱ्या कोणत्याही शिक्षणसंस्थेत प्रवेश द्यावयाचा नाही.

पालकांनी विशेष ध्यानात धरावीत ती कलमे सहा आणि सात. विद्यार्थी, त्याचे आईबाप, पालक किंवा एखादा शिक्षक यांनी संस्थाप्रमुखाकडे लेखी तक्रार केली, की सात दिवसांच्या आत चौकशी करणे त्याच्यावर बंधनकारक होते. तक्रारीत सकृद्दर्शनी तथ्य दिसले तर आरोपी विद्यार्थ्याला निलंबित करून तक्रार तत्काळ पोलीस ठाण्याकडे पाठविलीच पाहिजे. तथ्य दिसले नाही तर तसे तक्रारदाराला लेखी कळविले पाहिजे. आणि संस्थाप्रमुखाने यात कसूर केली तर? तर सातवे कलम म्हणते की त्याने रॅगिंगच्या अपराधाला साहाय्य केले असे मानण्यात येईल, आणि दोष सिद्ध झाल्यास त्यालाही तीच शिक्षा होईल. वाचकांनी पाहावे, की प्राचार्यांच्या खुर्चीला हात घालणारे हे कलम जागे होते ते "लेखी" या एका शब्दाने. आमच्या त्या गृहस्थांनी चहा घेतला, पण कागद दिला नाही. म्हणून ते कलम झोपूनच राहिले.

देशभरासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाचे २००९ चे नियमही आहेत. त्याच वर्षी मार्च महिन्यात हिमाचल प्रदेशातील एका वैद्यकीय महाविद्यालयात अमन काचरू या विद्यार्थ्याचा मारहाणीने मृत्यू झाला होता. त्यापूर्वीच, २००७ साली, सर्वोच्च न्यायालयाने राघवन समितीच्या शिफारशींवरून रॅगिंगच्या प्रकरणी पोलिसांत फिर्याद देण्याचे दायित्व संस्थांवर टाकले होते. २००९ च्या नियमांप्रमाणे प्रत्येक संस्थेत रॅगिंगविरोधी समिती आणि पथक असले पाहिजे. अपराध घडल्याचे कळल्यापासून चोवीस तासांच्या आत संस्थाप्रमुखाने फिर्याद नोंदविली पाहिजे. करणारे नेमके कोण ते ओळखता आले नाही तर सामुदायिक शिक्षाही देता येते. १८००-१८०-५५२२ या निःशुल्क दूरध्वनीवर रात्री-अपरात्रीही तक्रार देता येते. प्रवेशाच्या वेळी विद्यार्थी आणि पालक यांच्याकडून प्रतिज्ञापत्र घेतले जाते. आपण त्यावर सही करतो, पण ते वाचत नाही. ते एकदा तरी वाचावे. आपल्या मुलाने काय करू नये आणि आपल्या मुलाला कोणी काय करू नये, ही दोन्ही त्यात लिहिलेली असतात.

पोलीस ठाण्याची पायरी

महाविद्यालयाने सात दिवसांत काही केले नाही तरच पोलिसांकडे जावे, असा मुळीच नियम नाही. मारहाण, कोंडून ठेवणे, धमकी, पैसे उकळणे, मुलींच्या बाबतीत लज्जास्पद वर्तन, यांतील प्रत्येक कृत्य भारतीय न्याय संहितेखाली निरनिराळा अपराध आहे. म्हणून तक्रारीत "माझ्या मुलाचे रॅगिंग झाले" एवढाच शब्द लिहून थांबू नये. कोणत्या तारखेस, किती वाजता, कोणत्या खोलीत, कोणी, काय केले, काय शब्द उच्चारले आणि तेथे आणखी कोण हजर होते, हे क्रमवार लिहावे.

१ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे, गुन्हा कोणत्याही हद्दीत घडला असला तरी फिर्याद कोणत्याही ठाण्यात देता येते. मुलगा पुण्यात शिकत असेल आणि आईबाप वाशीमला असतील तर वाशीमच्या ठाण्यानेही ती नोंदवून घेतली पाहिजे. फिर्यादीची प्रत विनामूल्य मिळणे हा हक्क आहे. ठाणे अंमलदाराने नकार दिला तर तीच फिर्याद पोलीस अधीक्षकांना टपालाने पाठवावी, आणि तेथेही दाद लागली नाही तर दंडाधिकाऱ्यांपुढे अर्ज करावा. रजिस्टर टपालाची ती पावती पुढे मोलाचा पुरावा ठरते.

जखम असेल तर सरकारी इस्पितळात दाखवून तिची मेडिको-लीगल नोंद करवून घ्यावी. मोबाइलवरील निरोप पुसू नयेत आणि तो मोबाइल विकूही नये.

बौद्धाने जातीचे नाव का लिहावे?

आता मी त्या प्रश्नाकडे येतो, जो नवदीक्षित कुटुंबांतील पालक मला सर्वांत अधिक विचारतात. पुष्कळदा हलक्या आवाजात, जणू काही अपराध कबूल करीत आहोत अशा रीतीने. ते म्हणतात, "साहेब, आम्ही धम्म स्वीकारला. जात टाकली. आता आमच्या मुलाला जातीवरून छळले तर ॲट्रॉसिटीचा कायदा आम्हांला लागू होतो काय? आणि होत असला, तरी त्यासाठी टाकलेल्या जातीचे नाव पुन्हा कागदावर लिहावयाचे काय?"

पहिल्या प्रश्नाचे उत्तर निःसंदिग्ध आहे. १९५० च्या अनुसूचित जातींविषयीच्या राष्ट्रपतींच्या आदेशात मूळ केवळ हिंदू धर्मीयांचा समावेश होता. १९५६ साली शीख धर्मीयांचा समावेश झाला. १९९० साली संसदेने कायदा करून बौद्ध धर्मीयांचा समावेश केला. मधल्या चौतीस वर्षांत आपल्या वडीलधाऱ्यांनी धम्मासाठी किती सवलती सोडल्या याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. परंतु आज, ज्याची मूळ जात अनुसूचीत आहे असा मनुष्य बौद्ध झाला म्हणून त्याचे संरक्षण नष्ट होत नाही. अनुसूचित जमातीच्या यादीला तर धर्माची अटच नाही. ज्यांची मूळ जात या दोन्ही याद्यांत नाही, त्यांना ॲट्रॉसिटीचा कायदा लागू होणार नाही. मात्र १९९९ चा कायदा, न्याय संहिता आणि आयोगाचे नियम त्यांच्याही पाठीशी उभे आहेत.

दुसरा प्रश्न कायद्याचा नाही, मनाचा आहे. आणि तो विचारणाऱ्याविषयी मला आदर वाटतो. माझे उत्तर असे: जातीचा दाखला म्हणजे आपली ओळख नव्हे. आपली ओळख बौद्ध ही आहे, ती आपण धर्माच्या रकान्यात ताठ मानेने लिहावी. दाखला हा आपल्यावर झालेल्या अन्यायाचा पुरावा आहे. मारहाण झालेला मनुष्य न्यायासनासमोर जखम दाखवितो म्हणून त्याला जखमेचा अभिमान आहे असे कोणी म्हणत नाही. जात आपण सोडली. परंतु छळणाऱ्याने ती सोडलेली नाही आणि त्याने ती आपल्या मुलाच्या अंगावर फेकली आहे. ती कोणाच्या हातातून आली हे न्यायालयाला दाखविण्यासाठी तो कागद हवा.

म्हणून प्रत्येक घराने मुलाच्या प्रवेशापूर्वीच जातीचे प्रमाणपत्र आणि पडताळणी पूर्ण करून ठेवावी. शाळेच्या दाखल्यावर केवळ "बौद्ध" एवढीच नोंद असेल तर आजोबांचा जुना दाखला, कोतवाल बुकातील नोंद, असे १० ऑगस्ट १९५० पूर्वीचे पुरावे शोधून जपावेत. हैदराबाद विद्यापीठातील रोहित वेमुला यांच्या जानेवारी २०१६ मधील मृत्यूनंतर त्यांच्यावर अन्याय झाला की नाही या प्रश्नापेक्षा त्यांची जात कोणती या प्रश्नाचीच चर्चा वर्षानुवर्षे चालविण्यात आली, हे आपण पाहिले आहे. आपल्या घरावर तशी पाळी येऊ देऊ नये.

ॲट्रॉसिटी कायद्याचे बळ आणि मर्यादा

१९८९ च्या या कायद्याच्या तिसऱ्या कलमात, २०१५ च्या दुरुस्तीनंतर, वसतिगृहात घडणारी कितीतरी कृत्ये नावानिशी आली आहेत. बळजबरीने अखाद्य किंवा किळसवाणा पदार्थ खावयास लावणे, अंगावरील कपडे उतरविणे, डोके किंवा मिशी भादरणे, तोंड रंगविणे, हे सर्व अत्याचार आहेत. समाजाला पूज्य असलेल्या वस्तूची, आणि तीत तसबीर व छायाचित्रही येते, मोडतोड किंवा विटंबना करणे हा अपराध आहे. समाजाला वंदनीय असलेल्या दिवंगत व्यक्तीचा शब्दाने किंवा अन्य प्रकारे अनादर करणे हाही अपराध आहे. तेव्हा पेटीतून नेलेली ती बाबासाहेबांची तसबीर कोणी भिंतीवरून ओढून काढून फेकली, तर ती "मुलांची मस्ती" नव्हे हे रेक्टरला निक्षून सांगावे. या अपराधांना सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत कारावास आहे.

मात्र जे कायद्यात नाही ते आहे असे मी सांगणार नाही. छळणारा स्वतः अनुसूचित जाती-जमातीचा असेल तर हा कायदा लागत नाही. जातीवाचक शिवीगाळ आणि अपमान यांसाठी ते लोकांच्या नजरेसमोर घडलेले असावे लागते. चार भिंतींच्या आत, बाहेरचा कोणीही हजर नसताना उच्चारलेले शब्द त्यात येत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली हितेश वर्मा प्रकरणात म्हटले आहे. म्हणून मेसमध्ये, वऱ्हांड्यात, वर्गात जे घडले ते कोणी पाहिले याची नोंद आवश्यक. परंतु जात ठाऊक असताना केलेली मारहाण, अडवणूक किंवा धमकी बंद खोलीत झाली तरी ती या कायद्याच्या दुसऱ्या तरतुदीत येते. आणि आरोपीला पीडिताची किंवा त्याच्या कुटुंबाची वैयक्तिक माहिती असेल तर त्याला जातही ठाऊक होती असे न्यायालय गृहीत धरते, तसे नव्हते हे त्याने सिद्ध करावयाचे असते.

या कायद्याखाली फिर्याद नोंदविण्यापूर्वी प्राथमिक चौकशीची गरज नाही, हे २०१८ च्या दुरुस्तीने स्पष्ट झाले. तपास पोलीस उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याने करावयाचा आणि साठ दिवसांत आरोपपत्र दाखल करावयाचे. आरोपीच्या जामिनाच्या अर्जाची सूचना कुटुंबाला मिळालीच पाहिजे आणि त्यावर कुटुंबाचे म्हणणे ऐकलेच पाहिजे; हा पंधरा-अ कलमाचा हक्क आहे आणि तो केवळ उपचार नव्हे, बंधनकारक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली सांगितले. अर्थसाहाय्यही हप्त्याहप्त्याने मिळते. २०१६ च्या नियमांत ते अपराधाच्या स्वरूपाप्रमाणे ८५ हजारांपासून ८ लाख २५ हजार रुपयांपर्यंत ठरविण्यात आले. वकिलाच्या खर्चाची धास्ती बाळगू नये. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला, तसेच कोणत्याही स्त्रीला, उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. त्यासाठी जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे किंवा १५१०० या क्रमांकावर दूरध्वनी करावा.

ज्या घरावर आकाश कोसळले

काही घरांपर्यंत हा सल्ला उशिरा पोहोचतो. मुंबईच्या एका नामांकित वैद्यकीय महाविद्यालयात पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या, जळगाव जिल्ह्यातील आदिवासी तडवी भिल्ल समाजातील डॉ. पायल तडवी यांचा २२ मे २०१९ रोजी मृत्यू झाला. छळाविषयी आपण आधीच तोंडी तक्रार केली होती असे कुटुंब म्हणते. लेखी तक्रार आली नव्हती असे तेव्हा संस्थेकडून सांगण्यात आले. तीन वरिष्ठ डॉक्टरांवर ॲट्रॉसिटी आणि १९९९ च्या रॅगिंगविरोधी कायद्याखालीही आरोपपत्र ठेवण्यात आले. दोष कोणाचा हे न्यायालयाने ठरवावयाचे आहे. परंतु त्या मातेने, आबेदा तडवी यांनी, रोहितच्या आई राधिका वेमुला यांच्यासह २०१९ सालीच सर्वोच्च न्यायालयात याचिका केली आणि उच्च शिक्षणसंस्थांतील भेदभावाविरुद्धचे २०१२ चे नियम प्रत्यक्षात राबवा अशी मागणी केली. आपले मूल गेल्यावर इतरांच्या मुलांसाठी न्यायालयाची पायरी चढणाऱ्या या दोन मातांपुढे मी नतमस्तक आहे.

अशा प्रसंगी कुटुंबाने काय करावे? मृत्यूची नोंद "अकस्मात मृत्यू" म्हणून झाली म्हणजे सर्व संपले असे समजू नये. दिल्लीच्या आय.आय.टी.मध्ये २०२३ साली मृत्यू पावलेल्या दोन विद्यार्थ्यांच्या पालकांना पोलिसांनी फिर्याद नाकारली, उच्च न्यायालयातही यश आले नाही. तरी २४ मार्च २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने फिर्याद नोंदविण्याचा आदेश दिला आणि दखलपात्र अपराधाची माहिती मिळाल्यावर फिर्याद नोंदविणे हे पोलिसांचे कर्तव्य आहे असे बजावले. म्हणून फिर्याद लगेच आणि लेखी द्यावी. खोली, वह्या आणि मोबाइल यांचा पंचनामा आपल्या समक्ष व्हावा असा आग्रह धरावा. शवविच्छेदनाच्या अहवालाची प्रत मागावी. पहिल्या आठवड्यातच वकील गाठावा. आणि जिवंत मूल "मला जगावेसे वाटत नाही" असे बोलले, तर वर्ष, शुल्क, पदवी, सर्व बाजूला ठेवून त्याच दिवशी त्याला घरी आणावे आणि डॉक्टरांना दाखवावे. पदवी पुढच्या वर्षी मिळेल.

तडजोड आणि मैत्री

प्रकरण तापू लागले की मध्यस्थ येतात. "मुलांचे आयुष्य बरबाद होईल, क्षमा करा, तुम्ही तर बुद्धाचे लोक," असे ते म्हणतात. हा युक्तिवाद ऐकून पुष्कळ सज्जन पालक विरघळतात. त्यांना माझी विनंती आहे की मैत्री आणि मौन यांत गल्लत करू नका. भगवंतांच्या धम्मात वैराने वैर शमत नाही, हे खरे. परंतु तक्रार हे वैर नव्हे. वैर म्हणजे चार माणसे घेऊन वसतिगृहावर जाणे; ते आपण कदापि करू नये. तक्रार म्हणजे अपराध आणि त्याचा न्याय या दोन्ही गोष्टी कायद्याच्या स्वाधीन करणे. ज्या मुलाला आज कोणी अडविले नाही, तो उद्या दुसऱ्याच्या मुलाला छळणार. त्याला अडविणे ही त्याच्यावरही मैत्रीच आहे.

याच न्यायाने चौथे शीलही ध्यानात ठेवावे. तक्रारीत जे घडले तेच लिहावे. न घडलेली शिवी घालू नये, हजर नसलेल्याचे नाव गोवू नये. वकील म्हणून सांगतो, एका खोट्या ओळीने दहा खऱ्या ओळी बुडतात. आणि आपलीही मुले उद्या वरिष्ठ होणार आहेत. ज्याने अपमान सोसला त्याने तो खालच्या वर्गातील मुलावर उगवावयाचा, हीच तर जातीची उतरंड! बौद्ध घरातील मुलगा कोणाचेही रॅगिंग करताना सापडला, तर त्याच्या आईबापांनी मध्यस्थ पाठवू नयेत.

शेवटी एक सूचना. महाविद्यालये उघडतात त्याच सुमारास आपला वर्षावास सुरू होतो. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत विहारात ग्रंथवाचन चालते. त्यांतील एका रविवारी, वंदनेनंतर, १९९९ च्या कायद्याची ती चार पाने वाचावीत. त्या वर्षी परगावी शिकावयास गेलेल्या मुलामुलींची नावे विहाराच्या वहीत लिहावीत. महिन्यातून एकदा कोणीतरी त्यांच्या आईबापांना विचारावे, "पोर कसे आहे?" आणि पोर ठीक नाही असे कळले तर तक्रार लिहिण्यास जाणता माणूस त्या घरी पाठवावा.

"सोस बाबा" असे म्हणणारा बाप एकटा असतो म्हणून तसे म्हणतो. त्याच्या शेजारी एक लिहिणारा माणूस बसला, तर तो मुलाला म्हणेल, "मी सकाळच्या गाडीने येतो. तोवर तारीख, वेळ आणि नावे कागदावर लिहून ठेव."

जय भीम.